उजवा पाय ठणठणीत

आमच्या घरात खोटं बोलायची कामं वाटून दिलेली आहेत. वय ताई सांगते, पगार भावजी सांगतात आणि भाचीचे पाय माझ्याकडे. मी शाळेत मराठी शिकवते, त्यामुळे माझं खोटं शुद्ध आणि विश्वासार्ह असतं, असा घरचा समज.

भाचीचे दोन्ही पाय लहानपणी तापात गेले. डावा वाळला, तो लपत नाही. उजवा दिसायला भरलेला, पण गुडघ्याखाली जोर नाही. ताई पाथर्डीकडे दिलेली. तिचा हिशोब सरळ होता, "एक पाय अधू म्हनलं तर मान्सं बसून च्या तरी पित्यात. दोन म्हनलं की चपला घालायला उठत्यात."

म्हणून मुलगी बघायला पाहुणे यायच्या आधी मी भाचीला खुर्चीत बसवायची, साडीच्या निऱ्या पायांवर नीट पसरायची आणि म्हणायची, "डाव्यात थोडी कसर आहे. उजवा ठणठणीत." पाहुणे चहा पिऊन उठायचेच. आम्ही मात्र पद्धत सोडली नाही.

अपंगत्वाचा दाखला काढतानाही मीच सोबत. रांगेतली माणसं टक्के वाढवून मागत होती. मी हात जोडून म्हणत होते, "साहेब, उजवा नका धरू, पोरीचं लग्न व्हायचंय." डॉक्टर चक्रावले. "कमी करून मागणाऱ्या तुम्ही पहिल्याच," म्हणाले आणि एकच पाय लिहिला. बाहेर येऊन आम्ही भेळ खाल्ली. भाचीने नाही खाल्ली.

पुढे तिला राहुरीला नोकरी लागली. तिथे धरणाच्या फुगवट्यावर अपंग मुलींना कयाक शिकवणारे एक सर भेटले. कयाक म्हणजे काकडीसारखी लांब, निमुळती बोट. एकटीने बसायचं, वल्हं दोन्हीकडे मारायचं, दोनशे मीटर जायचं. मिनिटभरात खेळ खलास. मला वाटलं, पोरीला हवापालट. ती पहाटे उठून तीन वर्षं तेच करत राहिली. हातांना घट्टे पडले तेव्हा ताई रडली. आता बांगड्या भरताना हे दिसणार, म्हणून.

मग ती राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत पोचली. पहिल्या तिघींत आली तर देशाच्या सराव शिबिराला निवड. तिला एवढं एकच हवं होतं. स्पर्धा परराज्यात. सोबत मी, कारण मला हिंदी येते हा घरचा आणखी एक गैरसमज.

शर्यतीआधी तपासणी असते. पायांत किती जोर आहे ते बघून गट ठरतो. कयाक हातांनी चालते असं काठावरच्यांना वाटतं, पण खरा रेटा येतो पाय बोटीतल्या फळीवर दाबून. सरांनी आदल्या दिवशीच बजावलं होतं, "दोन्ही पायांचं खरं काय ते सांगायचं." भाची म्हणाली, "सांगणारच आहे."

ती टेबलावर आडवी झाली. तपासणाऱ्या डॉक्टरबाईंनी दाखला वाचला आणि विचारलं, "उजव्याचं काय?"

भाचीने तोंड उघडायच्या आत माझं उघडलं. "उजवा ठणठणीत!"

इतक्या वर्षांचा सराव. सूर, हसू, मान हलवणं, सगळं जागच्या जागी.

"नाही मॅडम," भाची म्हणाली, "त्यातही जोर नाही." बाईंनी पाऊल दाबायला सांगितलं. तिने दाबलं, ते हललं नाही. बाईंनी दाखल्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हसल्या. "इथं आलं की सगळ्याच मुली जास्त अशक्त होतात." सोपा गट मिळावा म्हणून नाटक करणाऱ्या त्यांनी पुष्कळ पाहिल्या असाव्यात. भाचीला सगळ्यात कमी अपंगत्वाचा गट मिळाला.

सर हरकत घ्यायला धावले. त्यांच्याकडे कागद मागितला. कागद एकच होता आणि तो मी मिळवलेला होता. परत आल्यावर सरांनी मला शांतपणे विचारलं, "मॅडम, तुम्ही नक्की आमच्याच बाजूने आलात ना?"

त्या गटातल्या बहुतेकींचा एक पाय पक्का होता. त्या फळीवर असा रेटा देत होत्या की बोटी पाण्यातून उसळत होत्या. भाची नुसत्या हातांवर. अर्ध्यातच ती मागे पडली. शेवटी तर तिच्यासाठी कोणी टाळ्याही वाजवल्या नाहीत, सगळे जिंकलेलीकडे वळले होते. मी वाजवल्या. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मी थांबले.

काठावर जिंकलेली मुलगी आली, आपलीच, साताऱ्याकडची. मोकळेपणाने म्हणाली, "तुझा कुठला गं?"

"दोन्ही," भाची म्हणाली, "पण घरच्यांना एकच परवडतो."

ती मुलगी खो खो हसली. मीही हसले. भाची नाही हसली.

परतीच्या गाडीत ती एवढंच बोलली. "मंगळवारी दाखल्याच्या दवाखान्यात चल. तू खोटं सांगितलंस हे तू सांगायचंस, मी ऐकणार."

मी हो म्हटलं. मंगळवारी माझा गुडघा दुखायला लागला. खरंच दुखत होता, निदान अंथरुणात तरी. ती एकटी एसटीने गेली. डॉक्टरांनी तपासलं आणि दोन्ही पाय लिहून दिले. माझ्या कबुलीवाचून काहीच अडलं नाही.

शिबिर तोवर सुरू झालं होतं.