भाच्याचं जास्तीचं वर्ष

माझ्या भाच्याला कॉलेजात अजून एक वर्ष हवंय हे ऐकून मला आधी बरंच वाटलं. मी सातवीत दोनदा बसलो, मग मास्तरांनी मला सोडलं आणि मी शाळेला. म्हटलं, चला, घराण्यात कोणीतरी आपल्यावर गेलं.

ताई म्हणाली, "मूर्खा, तो नापास नाही झालेला. त्याला खेळायचंय."

तेव्हा मी आयर्लंडमध्ये, लिमरिकला ताईकडे राहायचो आणि एका इंडियन रेस्टॉरंटच्या किचनमध्ये तंदूर सांभाळायचो. भाचा लहानपणापासून इथलाच. मी मराठीत विचारायचं, त्याने इंग्रजीत उत्तर द्यायचं, असा आमचा संसार. खेळायचा तो इथला फुटबॉल. नाव फुटबॉल, आणि बॉल हातात घेऊन पळतात. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा "फाउल, फाउल" ओरडत होतो. शेजारचे लोक माझ्यापासून जरा लांब जाऊन उभे राहिले.

त्याने मला समजावलं ते असं. कॉलेजच्या टीमकडून ठरलेली वर्षंच खेळता येतं. त्यातलं त्याचं एक वर्ष गुडघ्याच्या ऑपरेशनमध्ये गेलं. ते धरू नका, बदल्यात एक वर्ष द्या, असा त्याचा अर्ज होता. हॉस्पिटलचे कागद होते, पण ऑपरेशननंतर वर्षभर तो खरंच खेळू शकत नव्हता हे बघितलेला माणूस अर्ज तपासणाऱ्या कमिटीला हवा होता. ताई आणि भावजी तेव्हा पुण्यात होते, भावजींचे वडील आजारी होते म्हणून. घरी मी एकटाच. म्हणजे साक्षीदार मी.

मलिंगार नावाच्या गावी एका हॉटेलच्या खोलीत बोलावलं होतं. भाचा गाडी चालवत होता आणि वाटेत एवढंच म्हणाला, "जस्ट टेल देम व्हॉट यू सॉ, मामा." मी म्हटलं, काळजी नको.

आत टेबलापलीकडे तिघं बसलेली. मधे एक बाई, दोन बाजूंना दोन म्हातारे. चहा आला, बिस्किटं आली. बाईंनी हसून विचारलं, किती वर्षं ओळखता मुलाला? आणि इथेच माझं डोकं फिरलं. चहा-बिस्किटं, समोर तिघं, शेजारी मान खाली घालून बसलेला मुलगा. असं मला आयुष्यात एकाच कामासाठी विचारलेलं आहे. आमच्या आळीत लग्नाच्या चौकशीला लोक यायचे तेव्हा. आणि चौकशीला कोणी आलं की मुलाचं दुखणं सांगायचं नसतं, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं.

त्यांनी विचारलं, त्या वर्षी गुडघा कसा होता?

मी माझ्या किचनच्या इंग्रजीत म्हटलं, "गुडघा? एक नंबर. घोडा आहे घोडा. जिने उड्या मारत चढायचा."

म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे बघितलं. भाच्याने टेबलाखालून माझी मांडी दाबली. मला वाटलं शाबासकी देतोय. म्हणून मी पुढे सांगितलं की दारू पीत नाही, आईचा शब्द मोडत नाही.

बाईंचा चेहरा बदलला. मग हा का नाही खेळला, म्हणाल्या.

भाचा माझ्याकडे वळला आणि चक्क मराठीत बोलला. "मामा, खरं सांग ना त्यांना. मला बाथरूमला कसा न्यायचास ते सांग."

त्याचे कान लाल झाले होते. मग मी सांगितलं. हा सहा फूट, मी सव्वापाच. पाठीवर घेऊन जायचो. एकदा दोघंही पॅसेजमध्ये आडवे झालो आणि तसेच पडून राहिलो, कारण आधी कोणी उठायचं तेच कळेना. पुढे काठी घेऊन चालायला लागला तरी मॅचच्या दिवशी पडदे ओढून बसायचा. जेवायचा नाही.

एका म्हाताऱ्याने विचारलं, मग आधी घोडा का म्हणालात? मी लग्नाच्या चौकशीचं सगळं समजावलं. त्यांनी विचारलं, लग्न कोणाचं आहे? मी म्हटलं, कोणाचंच नाही.

पुढच्या आठवड्यात फोन आला. वर्ष मिळालं नाही.

ताई म्हणते, तुझ्यामुळे. भाचा म्हणतो, नाही मामा, नियमच तसा आहे, तू नसतास तरी नाहीच म्हणाले असते. तो हे माझं मन राखायला म्हणतो की खरंच तसा नियम आहे, ते मला अजून कळलेलं नाही. नियम वाचून दाखव म्हटलं तर म्हणाला, तुला समजणार नाही. हे मात्र खरं.

आता तो टीममध्ये नाही, तरी प्रॅक्टिसला जातो. बाहेर गेलेले बॉल आणून देतो. मी एकदा विचारलं, खेळायचंच नाही तर जातोस कशाला? त्याने बूट घातले आणि निघाला.

सुट्टीच्या दिवशी मीही जातो. कुंपणाशी पावसात उभा राहतो. कशाला, ते मला विचारू नका.