हायमास्ट आणि धूमकेतू

आमच्या वस्तीवरचा हायमास्ट, म्हणजे उंच खांबावरचा मोठा दिवा, माझ्या आईनं भांडून आणलाय. कुणी विचारो न विचारो, मी हे सांगतेच. पाटसजवळच्या आमच्या गावात वरच्या आळीला दिवे लागून वर्षं झाली, तरी आमच्या वस्तीत बुद्धविहारापुढं अंधारच होता. शेवटी आईनं बायका गोळा केल्या आणि ग्रामपंचायतीच्या दारात ठाण मांडलं. दिवा लागला त्या संध्याकाळी वस्तीत पेढे वाटले होते.

नेमका तोच दिवा माझ्या धूमकेतूच्या आड आला. सत्तरेक वर्षांनी फिरून येणारा हा पाहुणा भलताच लहरी. आज मंद दिसेल, तर उद्या त्याच्या पोटातला वायू नि धूळ उसळून एकदम उजळेल. मी शिरूरला शिकवते. तिथं रोज संध्याकाळी नदीकाठी जाऊन त्याचं तेज शेजारच्या ताऱ्यांशी ताडून बघायचे. सुट्टीला घरी आले आणि त्याच दिवशी तो उजळल्याची बातमी आली. अंधार पडल्यावर थोड्याच वेळात तो मावळणार होता. आमच्याकडं चहूबाजूंनी ऊस. पश्चिम मोकळी दिसते ती फक्त विहाराच्या गच्चीवरून. आणि तिथं हायमास्टचा लख्ख उजेड.

"आई, अर्धा तास दिवा बंद करायचा का?" विचारताना जीभ अडखळली.

"इतकी वर्सं अंधारात काढली, ती कमी पडली व्हय?"

मला वाईट वाटलं, पण तिचं खरंच होतं. मी दुर्बीण पिशवीत घालू लागले.

"थांब," आई म्हणाली. "सगळ्यांस्नी इचारते. आन् दाखवायचा तर समद्या वस्तीला दाखव."

ती घरोघर फिरली. दिवा विझला, गच्ची माणसांनी भरली. दुर्बिणीत तो सापडला. शिरूरला नुसता पुसट डाग होता, आता पिंजलेल्या कापसासारखा ठसठशीत. जवळच्या ताऱ्याच्या तोडीस तोड! आनंदानं मी ओरडलेच.

"आपशकुनी म्हणत्यात याला," शेजारीण कुजबुजली.

"कशाचा आपशकुन? लांबनं आलाय बिचारा," म्हणत आईनं दुर्बीण घेतली, ती सोडेचना.

तेवढ्यात खाली मोटारसायकल थांबली. वरच्या आळीचे एक आप्पा होते.

"काय, पडला का बंद तुमचा दिवा?" आवाजातलं हसू वरपर्यंत ऐकू आलं.

आईनं डोळ्यांवरची दुर्बीण काढलीसुद्धा नाही.

"बंद पडला न्हाई, आप्पा. आम्ही बंद केलाय."