आनंदीचा उजवा गाल

जामसंड्यात मुठेल हवं असलं की लोक आनंदीकडे जातात. कोकमाच्या बिया वाळवायच्या, कुटायच्या, पाण्यात उकळायच्या. वर तरंगलेलं घट्ट तेल काढून कोमट असतानाच मुठीत दाबायचं. झाला अंड्याएवढा गोळा, चार बोटांच्या ठशांसकट! टाचा फुटल्या, ओठ उलले, की चुलीजवळ जरा धरून तो चोळायचा. ठसा बघून बायका सांगतात, हा आनंदीच्या हातचा.

ही मूठ तिला आईने, लक्ष्मीने, शिकवली. लक्ष्मी चोपन्नाव्या वर्षी गेली आणि तिचा धड एक फोटो नाही. कॅमेरा दिसला की बाई दुसऱ्याच्या पाठीमागे. लेकीच्या लग्नातल्या फोटोत सापडली, तर तोंडावर पदर! मागे उरला तो तिने दाबलेला शेवटचा गोळा. पुढच्याच वर्षी आनंदीला रसिका झाली. ती सहा महिन्यांची असताना वाऱ्याने तिचे गाल तडकले आणि घरात दुसरं मुठेल नव्हतं. आनंदीने तोच गोळा झिजवला. आधी करंगळीचा ठसा गेला, मग एकेक करून बाकीचे. लेकीचे गाल बरे झाले तेव्हा हातात काहीच नव्हतं. त्याची चुटपुट तिला आजही आहे.

तीच रसिका आता मुंबईला चेहऱ्याची क्रीमं बनवणाऱ्या कंपनीत, प्रयोगशाळेत आहे. गेल्या गणपतीला आली ती एक बाटली घेऊन.

"हेच्यात व्हिटॅमिन ए आसा, आई. कातडी नवी येता, सुरकुत्यो कमी होतत. निजताना लाव. आणि दिवसा उन्हात जाताना सनस्क्रीन लावूक विसरू नको."

बाटलीवर गार्सिनिया इंडिका असं एक भारदस्त नाव होतं. "ह्या काय गो?"

"आपला कोकम!"

आनंदी पदर तोंडाला लावून हसली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा.

लेकीचं म्हणणं खोटं नव्हतं. ऊन कातडीला आधी म्हातारं करतं, आणि आनंदीचा जन्म अंगणात बिया वरखाली करण्यात गेलेला. पण अलीकडे एक नवल घडत होतं. सकाळी माडांतून गाळलेलं ऊन खिडकीत येई. अर्धवट झोपेत ती पारा उडालेल्या आरशासमोर केस विंचरायला बसे, आणि आरशात आई असे. डोळ्याच्या कडेला त्याच तीन रेघा, गालावर तीच मुरड. आनंदी फणी हातात धरून बसून राही. चोपन्नावं लागलं होतं तिला. इतक्या वर्षांनी आई पाय न वाजवता घरात येत होती, रोज थोडी थोडी.

आणि ही बाटली तिला घालवून देणार! लेकीचं मन मोडवेना, आईला 'जा' म्हणवेना. मग आनंदीने एक केलं. रोज निजताना बाटली उघडायची आणि डाव्या गालाला लावायची. फक्त डाव्या.

शिमग्याला रसिका आली. ओटीवर बसवून तिने आईचं तोंड उजेडाकडे वळवलं.

"डावो गाल बरो झालो. उजवो तसोच कसो? अर्ध्याच तोंडाक लावलंस?"

आनंदीने चोरी पकडल्यासारखा उजव्या गालावर हात ठेवला. मग हळूच म्हणाली, "हयसर तुझी आजी आसा गो. तिका कशी पुसू?"

त्या गोळ्याची गोष्टही तिने तेव्हाच सांगितली, पहिल्यांदा. रसिकाने आपल्या गालावरून हात फिरवला आणि आईच्या उजव्या गालाकडे बघत राहिली. जन्मात न पाहिलेली आजी तिच्यासमोर बसली होती.

"अशीच होती?"

"अशीच. हसली काय ही मुरड पडायची."

"हस बघू."

आनंदी हसली, आणि हसताहसता तिला रडू फुटलं.

रसिका निघाली त्या दिवशी चुलीवर मुठेल होतं. "एक गोळो माका दाबून दी," ती म्हणाली.

"टाचो फुटल्यो?"

"नाय."

आनंदीने मूठ वळली. रसिकाने गोळा अलगद बर्फाच्या डब्यात ठेवला.

आता तो प्रयोगशाळेच्या फ्रीजमध्ये, महागड्या बाटल्यांच्या शेजारी असतो. चारी बोटं जशीच्या तशी. वर रसिकाच्या अक्षरात चिठ्ठी आहे: आई. वापरू नये.