डावा पाय खाली

फिटरकाका कुणाच्याही गाडीत बसताना चपला बाहेर काढून ठेवायचे. गाडी नवी कोरी असो, नाहीतर शेणखत वाहून वाहून गंजलेली पिकअप असो, चपला रस्त्याच्या कडेला नीट जोडीने लावायच्या, अनवाणी तळवे गाडीच्या तळाला टेकवायचे आणि म्हणायचं, "चालू द्या." चपला तिथेच राहायच्या. कुणी म्हणालं, "काका, आत घ्या ना चपला," तर उत्तर ठरलेलं असायचं, "परत इथीच याचं हाये ना? मंग?" पायात काही असलं की गाडी काय म्हणते ते कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. मला पहिल्यांदा तो शुद्ध नाटकीपणा वाटला होता.

दर्यापूरच्या डेपोत त्यांनी फिटर म्हणून उभी हयात काढली होती. निवृत्त झाल्यावरही गावाने त्यांना सोडलं नाही. जुनी गाडी घ्यायची असली, विकायची असली, कुठल्या गॅरेजवाल्याने मोठा खर्च सांगितला असला, की लोक आधी फिटरकाकांच्या ओट्यावर जाऊन बसत. बुटका माणूस, पांढरा पायजमा, बनियनवर टेरिकॉटचा शर्ट, आणि बोलणं असं की पुण्याच्या माणसाला भांडण वाटावं. बोनेट उघडायची त्यांना कधी घाई नसे. लोक आल्या आल्या बोनेट वर करायचे की हे डाफरायचे, "झाका ते. आंधी माणूस पाहाव, मंग मशीन."

मी त्यांच्याकडे गेले ती पार वैतागून. माझ्या वडिलांना, आम्ही त्यांना आबा म्हणतो, डायलिसिस सुरू होऊन तेव्हा वर्ष झालं होतं. आमच्या खारपाणपट्ट्यात, या खाऱ्या पाण्याच्या मुलखात, मूत्रपिंडाचं दुखणं कुणाला समजावून सांगावं लागत नाही, गल्लीत कुणाला ना कुणाला असतंच. मंगळवार आणि शुक्रवार, अकोला. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. रजा संपल्या होत्या, बिनपगारी सुरू होत्या. भाऊ पुण्याला असतो आणि फोनवर सल्ले देतो. सल्ल्याला डिझेल लागत नाही. सुरुवातीला मी आबांना शेअर जीपने न्यायचे. एकदा परत येताना मागच्या बाकावर माणसांत माणूस कोंबलेला, आबांच्या हाताची पट्टी सुटली आणि घर येईपर्यंत सदरा रक्ताने भिजला. ओसरीवर टेकल्यावर ते म्हणाले, "आता जीपमंदी नेशीन तर मी येत नाई. मरण काय घरी बी भेटते." आबा एकदा बोलले की बोलले. म्हणून मी गाडी घेतली.

डिझेल गाडी, वापरलेली, अकोल्यातून आणलेली. विकणारा म्हणाला, "मॅडम, डॉक्टरची गाडी हाये, सिंगल हँड." अकोल्यातली प्रत्येक जुनी गाडी डॉक्टरचीच कशी असते, देव जाणे. लिटरला वीस देते, असंही त्याने छातीवर हात ठेवून सांगितलं. चार महिन्यांत गाडीने आपले गुण दाखवले. डिझेल कुठे जातं कळेना. पूर्णेच्या पुलाचा चढ आला की इंजिन नुसतं किंचाळायचं आणि गाडी आपली बैलगाडीसारखी. चालताना खालून घर्रर्र आवाज यायचा, मधूनच करपल्यासारखा वास यायचा. अमरावतीच्या एका गॅरेजवाल्याला शेजारी बसवून मी चक्कर मारली. तो म्हणाला, "गिअरबॉक्स गेला. पूर्ण खोलावा लागेल. पंधरा दिवस गाडी ठेवा." पंधरा दिवस म्हणजे डायलिसिसच्या चार पाळ्या. आबा जीपमध्ये बसणार नव्हते आणि पाळी चुकली की काय होतं ते मी एकदा पाहिलं होतं. परत येताना वलगावजवळ गाडी बाजूला घेऊन मी रडले. खोटं कशाला सांगू?

दुसऱ्या दिवशी शाळेतून परस्पर फिटरकाकांचा ओटा गाठला. मी गिअरबॉक्स, इंजिन, आवाज असं सगळं धडाधड सांगत सुटले, तर त्यांनी हात वर केला. "थांबा जरासाक, मास्तरीणबाई. गाडीत बसते कोन?" मी म्हटलं, आबा. "कुठी बसते?" मागे, उशी घेऊन, आडवे. "अन् चालवते कोन?" मी म्हटलं, मीच, दुसरं आहे कोण? मग त्यांनी विचारलं की लिटरला किती देते. मी म्हटलं, कमी देते. ते हसले. आमच्याकडे पंपावर जो तो "पाचशेचं टाक" म्हणतो. लिटर कुणी विचारत नाही आणि अ‍ॅव्हरेज मात्र सगळे सांगतात. "टाकी गळ्यालोक भरा, आकोला करून या, मंग त्याच पंपावर पुन्हा गळ्यालोक भरा. जेवढं बसलं तेवढं ते पेली. आंदाज पंचे काहाले बोलता?" मी तसं केलं. लिटरला अकरा निघाले.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर ते आमच्या फाटकाशी आले. चपला काढल्या, माझ्या शेजारी बसले, तळवे टेकवले, डोळे रस्त्यावर. दर्यापूर सोडून आम्ही तीन-चार किलोमीटर गेलो असू. घर्रर्र चालूच होती. मला वाटलं, आता म्हणतील गिअरबॉक्स. तर म्हणतात कसे, "मास्तरीणबाई, तुमचा डावा पाय कुठी हाये?"

मी म्हटलं, कुठे म्हणजे? असतो तिथे आहे.

"उचला."

मी क्लचवरून पाय उचलला. घर्रर्र थांबली. एकदम. "ठेवा आता." ठेवला, पुन्हा घर्रर्र. लहान मुलाला पेटीचे सूर दाखवावेत तसं त्यांनी ते माझ्याकडून तीनदा करवून घेतलं. मग गाडी सपाट जागी उभी करायला लावली, हँडब्रेक करकचून ओढला, चौथा गिअर टाकायला सांगितला आणि क्लच सोडायला लावला. "इंजिन आता बंद पडाले पाह्यजे." इंजिन काही बंद पडलं नाही, गुणगुणत राहिलं आणि करपल्याचा वास आला. "गिअरबॉक्स ठणठणीत हाये," फिटरकाका म्हणाले. "क्लचची प्लेट जयाली. इंजिन पयते, चाकं पयत नाईत, मंग डिझेल नाई पेईन तं काय करीन? तुमी पाय ठेवून ठेवून जायली ते."

मला असा राग आला म्हणून सांगू! रात्री आबांचं करायचं, दिवसा पोरं शिकवायची, आठवड्यातून दोनदा अकोला, आणि हा माणूस म्हणतो दोष माझ्या पायात. मी तोंडाला येईल ते बोलले. पाय मुद्दाम ठेवते मी, म्हटलं. सुई टोचून टोचून आबांचा हात चाळणी झालाय, गिअर टाकताना जरा हिसका बसला की ते दात चावतात, मला आरशात दिसतं. म्हणून क्लच अर्धा दाबून धरते, गाडी अलगद जावी म्हणून. मला काय हौस आली आहे?

फिटरकाकांनी मागच्या रिकाम्या सीटकडे वळून पाहिलं. मग म्हणाले, "हौ. हे डेपोत कोनी नाई सांगितलं मले." तेवढंच. परत आल्यावर चपला घालायला खाली वाकले तेव्हा एकच चप्पल जागेवर होती. दुसरी शेजारच्यांच्या कुत्र्याने पळवली होती, ती गटाराजवळ सापडली. ती हातात घेऊन ते घरी गेले.

मंगळवारी अकोला करून आलो. बुधवार-गुरुवारात त्यांनी ओळखीच्या गॅरेजात स्वतः उभं राहून प्लेट आणि तिचं बेअरिंग बदलून घेतलं. त्यासाठी गिअरबॉक्स खाली उतरवला, पण खोलू दिला नाही. शुक्रवारी गाडी दारात हजर होती. मी पैशांचं विचारलं तर सामानाची पावती पुढे केली आणि मजुरीचं नाव काढलं तेव्हा अंगावर आले, "मी काय दुकान मांडलं काय?"

पण खरं काम पुढेच होतं. रविवारी ते पुन्हा आले, चपला फाटकाशी लावल्या आणि यावेळी पुढे न बसता मागे गेले. आबांच्या जागी. आबांची उशी डोक्याखाली घेतली, आबांसारखा डावा हात पोटावर ठेवला आणि डोळे मिटले. "आज मी बिमार हाये. न्या मले म्हैसांगलोक." म्हणजे पूर्णेच्या पुलापर्यंत. मी हसले तर ओरडले, "बिमार मानसाले हासाव काय वं?" काळ्या मातीवरचा आमचा रस्ता दर पावसाळ्यानंतर लाटा घेतो. मी गिअर बदलला की मागून आवाज यायचा, "सुई हालली." ब्रेक दाबला, "पट्टी सुटली." खड्डा चुकवला, "मेलो मी, न्या घरी." चार रविवार हे चाललं. एकसष्टी उलटलेला माणूस माझ्या गाडीत मागे पडून कण्हत होता, आणि ओसरीवर बसलेले आबा, ज्यांचं हे सगळं नाटक चाललं होतं, ते कितीतरी महिन्यांनी हसले.

त्यांचं सांगणं साधं होतं. क्लच दाबायचा तर पुरता, सोडायचा तर पुरता, आणि मग डावा पाय खाली. धक्का पायाने चुकत नाही. "गाडी लांबच्या डोयानं चालवाव," ते म्हणायचे. "ट्रॅक्टर अर्ध्या मैलावर दिसला का तवाच ठरवा. जवळ गेल्यावर ठरवलं का मागच्याले हिसका बसतेच." पाचव्या रविवारी जाऊन-येऊन मागून आवाजच आला नाही. वळून पाहिलं तर खरंच झोपले होते, तोंड उघडं टाकून. मला एवढं बरं वाटलं की मी गाडी फाटकाशी उभी करून दहा मिनिटं तशीच बसून राहिले.

त्यानंतर ते बाजारात, देवळाच्या पायरीवर, कुठेही भेटले की एकच विचारायचे, "अ‍ॅव्हरेज काय म्हंते?" मी सांगायचे, अठरा. कधी साडेअठरा. ते मान हलवून पुढे जायचे. आबांची तब्येत त्यांनी मला कधीही विचारली नाही आणि मला त्याचं वाईट वाटायचं. एकदा मी थकून गेले होते, म्हटलं, काका, आज पंधरावर आली. ते थबकले. "काहून? घाईत नेलं काय त्याहिले?" खरंच आदल्या शुक्रवारी आबांना धाप लागली होती आणि मी गाडी पळवली होती. तेव्हा मला कळलं की ते इतके दिवस काय विचारत होते.

गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी फिटरकाकांची बायको, आमच्या काकू, फाटकाशी आल्या. फिटरकाकांच्या छातीत दोन दिवसांपासून दुखत होतं आणि त्यांनी ते अ‍ॅसिडिटीवर ढकललं होतं. गावातल्या प्रत्येक गाडीची घरघर ऐकणारा माणूस, स्वतःचं मात्र बोनेट झाकून बसला. गावातल्या डॉक्टरांनी अकोल्याला न्यायला सांगितलं, अँब्युलन्स बाहेर गेलेली. मी गाडी त्यांच्या दारात लावली. ते आपल्या पायांनी चालत आले, दाराजवळ थांबले आणि चपला काढल्या.

मी म्हटलं, "काका, राहू द्या ना पायात. आज तरी."

"परत इथीच याचं हाये ना?" ते म्हणाले आणि आबांच्या उशीवर डोकं ठेवून आडवे झाले. काकू पुढे बसल्या, मागे वळून वळून त्यांच्या पायावर हात ठेवत होत्या. गाव सुटल्यावर काकांनी एकदा विचारलं, "पाय?" मी म्हटलं, "खाली आहे, काका." ते म्हणाले, "हौ." पूर्णेचा पूल आला, गेला. आरशात पाहिलं, डोळे मिटलेले, हात छातीवर. काकू म्हणाल्या, "डोया लागला वाटते." मला वाटलं, बरं झालं. मी तशीच चालवत राहिले, त्यांनी शिकवली तशी, एक हिसका न बसू देता. अकोल्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी बघितलं आणि म्हणाले, वाटेतच गेले, अर्धा तास तरी झाला असेल. फॉर्मवर लिहायला नाव विचारलं तेव्हा मला ते ठाऊकच नव्हतं. ते काकूंना विचारावं लागलं.

मी ती गाडी पळवायला हवी होती. खड्डे बघायला नको होते, गिअर खरडायला हवे होते, अ‍ॅव्हरेज गेलं खड्ड्यात. डॉक्टर म्हणाले, फरक पडला नसता. डॉक्टरांना तसं म्हणावंच लागतं. मी मात्र त्यांना संथपणे, अगदी अलगद, मरणापर्यंत नेलं, आणि ही कला त्यांनीच मला शिकवली होती. चपला तेरवीपर्यंत दाराशी तशाच होत्या. काकू कुणाला हात लावू देत नव्हत्या. मी तिकडून जायचंच टाळलं.

मंगळवार मात्र कुणासाठी थांबत नाही. काका गेल्यानंतरच्या पहिल्या मंगळवारी आबा गाडीजवळ आले आणि मागचं दार धरून उभे राहिले. मी म्हटलं, पुढे बसता का आज? ते मागे जाऊन त्याच उशीवर आडवे झाले. मी निघाले. म्हैसांगचा पूल जवळ येऊ लागला तशी माझी नजर सारखी आरशात जायला लागली. डावा पाय आपोआप क्लचवर गेला होता आणि मला कळलंही नव्हतं.

"पाय घे वं खाली," आबा मागून म्हणाले.

मी पाय खाली घेतला. मग डोळे पुसायला गाडी थांबवायची म्हणून वेग कमी केला, तर ते पुन्हा बोलले. आबा फार बोलत नाहीत, श्वास पुरत नाही.

"त्याले काई दुखलं नसन, पोरी. मले मालूम हाये. मी झोपतो ना इथी."

पुलाच्या पलीकडे हरभऱ्याची पोती लादलेला एक ट्रॅक्टर येत होता. अजून पुष्कळ लांब होता. मी थांबले नाही.