दूध संस्थेच्या कम्प्युटरमधलं घड्याळ

माझी शाळा चौथीपर्यंतच झाली. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल, अक्षरही वेडंवाकडं आहे. ही वही कुणाच्या हाती लागलीच तर माफ करावं.

कळंब्याकडच्या एका लहान दूध संस्थेत मी दूध मापून घ्यायची. दोन हजार सालानंतर तिथं कम्प्युटर आला. सभासदाचा नंबर दाबायचा, लिटर आणि फॅट भरायचं. दूध सकाळचं की संध्याकाळचं हे तो स्वतःच्या घड्याळावरून ठरवायचा. बाराच्या आत ते सकाळचं.

सचिवांची सून कॉलेजात कम्प्युटर शिकत होती. अभ्यासाला म्हणून तिनं त्यावर दुसरी सिस्टीम टाकली. दुपारी ती तिच्या सिस्टीमवर बसायची, संध्याकाळी मी आमची चालू करायची.

बिलं वाटली त्या दिवशी एक म्हातारी सगळ्यांसमोर ओरडली, "माझी म्हस दिसातनं एकदाच दूध देती व्हय गं? दुसऱ्या येळचं कोण पितंय, तुझा कम्प्युटर?"

लोक हसले. सचिव म्हणाले, "आकडे तू भरतीस, पैसंबी तूच भर." मला चारचौघांत बोलता येत नाही. तिचे पैसे माझ्या पगारातून कापले. लोक मापाकडं टक लावून बघायला लागले, ते जास्त लागलं.

मग एका संध्याकाळी भिंतीवर पाच वाजले होते आणि पडद्यावर साडेअकरा. मी पडद्यावरचं घड्याळ पुढं केलं. दुसऱ्या दिवशी परत तेच. आठवडाभर असं चाललं, तेव्हा सून आली.

"मावशी, घड्याळाला कोण हात लावतंय? दुपारी बघावं तर साडेपाच तास पुढं. मागं करून करून दमले मी."

"आणि मी पुढं करून."

दोघींना हसू आलं. तिनं शोधून काढलं. आतलं घड्याळ एकच. तिची सिस्टीम त्यात विलायतेची वेळ ठेवायची आणि आपल्यासाठी साडेपाच तास मिळवून दाखवायची. आमची आतली वेळ आहे तशीच दाखवायची. म्हातारी पाचच्या ठोक्याला यायची, म्हणून तिचं दूध सकाळच्या आकड्यावर जाऊन बसायचं आणि सकाळचा आकडा पुसला जायचा. बाकीचे साडेपाचनंतर यायचे, तोवर पडद्यावर बारा वाजून गेलेले असायचे.

तिनं तिच्या सिस्टीमलाही आतली वेळ इथलीच धरायला लावली आणि सासऱ्यांना सगळं सांगितलं, म्हातारीच्या देखत.

"मग हिचं कापल्यालं पैसं?" म्हातारीनंच विचारलं.

"देतो की," सचिव म्हणाले.

निम्मे पुढच्या पगारात आले, उरलेले त्याच्या पुढच्या. सगळे मिळाले.