मागच्या सीटवरचे दाजी

तीर्थपुरीतल्या एखाद्या मोटारसायकलीला आमच्या दाजींचा हात लागलेला नसेल, तर ती गाडी बाहेरगावची तरी असणार किंवा दाजी त्या दिवशी तापाने फणफणलेले असणार. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. पोटापाण्यासाठी खत-बियाण्यांचं दुकान चालवतात, पण सगळा जीव अंगणातल्या पान्यांच्या पेटीत. गाडी सर्व्हिसिंगला शोरूमला देणं म्हणजे आपलं पोर शेजाऱ्याकडे आंघोळीला पाठवणं, असं त्यांचं ठाम मत. "तिथं पानी मारतेत, पुसतेत अन् खर्चा लावतेत. गाडीचं दुखणं कोन इचारतं?"

रविवार उजाडला की अक्काची त्यातल्या त्यात बरी चादर अंगणात पसरली जाते. गाडी खोलत जाईल तसे तिचे भाग दाजी ओळीने त्यावर मांडतात, आणि मग घरात झाडू मारायचा नाही, चादर ओलांडायची नाही, मोठ्याने शिंकायचंसुद्धा नाही. एकदा शेजारची कोंबडी चादरीवरून फिरून गेली आणि एक वायसर दिसेनासा झाला. तो तिनेच गिळला असा दाजींचा दावा. कोंबडीला डालग्याखाली कोंडून वाट बघायची तयारीही झाली होती. शेवटी वायसर सापडला तो ग्रीसने दाजींच्याच बनियनला चिकटलेला. "बराबर, मीच ठिवल्ता तिथं," म्हणत त्यांनी तो जागेवर बसवला. काढलेलं काळं ऑइल ते गल्लीभर बिजागऱ्यांना घालत फिरतात, त्यामुळे आमच्या गल्लीत एकही फाटक करकरत नाही.

गाडी जोडून झाली की मालकाने चालवायची आणि दाजींनी मागे बसून डोळे मिटायचे, ही त्यांची तपासणी. "चालवनाऱ्याचं ध्यान रस्त्यावर ऱ्हातं, पावणे. गाडी ऐकायची तर मागं बसावं." भर बाजारात त्यांनी मला थांबवून चेन सैल असल्याचं सांगितलंय आणि ती सैल निघालीय. एकदा मात्र बराच वेळ काही बोलले नाहीत म्हणून वळून बघितलं, तर स्वारी चक्क घोरत होती.

माझी भाची, म्हणजे दाजींची वैशू, घनसावंगीला शाळेत शिकवते. इतकी वर्षं ती दाजींच्या जुन्या मोटारसायकलीवर जायची. लेक जिच्यावरून रोज ये-जा करते ती गाडी दाजींनी परक्या हातात कधी दिली नव्हती. यंदा वैशूने स्वतःच्या पगारातून जालन्याहून बॅटरीवरची स्कूटर आणली. दाजी तोंडाने छान छान म्हणत राहिले, पण आता लेकीच्या गाडीवर आपला हात फिरणार नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

पहिल्या सर्व्हिसिंगला मीही माझ्या गाडीवरून सोबत गेलो. शोरूममध्ये आम्हाला काचेमागे गारव्यात बसवून कॉफी दिली. दाजी कॉफी सोडून काचेला नाक लावून उभे. प्लग नाही, ऑइल नाही, खोलायला इंजिनच नाही. तिथल्या पोराने स्कूटरला वायर जोडून लॅपटॉप उघडला, तेव्हा ते मला म्हणाले, "हे काय, गाडीला टीव्ही दाखून राह्यलेत का?"

परतताना ते वैशूच्या मागे डोळे मिटून बसले. गावाबाहेर चहाच्या टपरीवर आम्ही थांबलो. आता शोरूमची शंभर पापं ऐकायला मिळणार म्हणून मी सरसावून बसलो.

"काय सापडलं पप्पा?" वैशूने विचारलं.

"काही न्हाई. बिलकुल आवाज न्हाई. एक नंबर गाडी हाय." दाजी चहाच्या ग्लासाकडे बघत राहिले. "पन वैशे, तू पुलावर आली की मला दुकानात आपल्या गाडीचा आवाज यायचा. मंग जीव भांड्यात पडायचा. आता तू आलेली मला कळंल कसं?"

वैशूने चहाचे पैसे दिले आणि आम्ही निघालो.

हल्ली ती रोज पुलावरून हॉर्न वाजवत येते. मोकळ्या रस्त्यावर मॅडम हॉर्न कुणाला देतात म्हणून लोक हसतात. दाजी मान वर न करता "आली" म्हणतात आणि गिऱ्हाइकाकडे वळतात. परवा मी दुकानात बसलो होतो आणि हॉर्नला उशीर झाला. गिऱ्हाईक बियाण्याची पिशवी मागत होतं, दाजी ती हातात धरून तसेच उभे होते. पुलावरून हॉर्न वाजला, तेव्हा कुठे ती पिशवी गिऱ्हाइकाच्या हातात गेली.