चाकं गेटवरच होती

माझा धाकटा भाऊ खुर्च्यांच्या कारखान्यात खरेदी बघतो. तिथे सगळे त्याला ‘बिनतारी’ म्हणतात आणि मोठी बहीण असूनही मला त्यात काही वावगं वाटत नाही. जेवतानासुद्धा त्याचा एक हात ताटात आणि दुसरा फोनवर असतो.

त्याचं म्हणणं, पूर्वीचे खरेदीवाले चपला झिजवायचे, तो बसल्या जागी कारखाना चालवतो. एक ग्रुप आहे. त्यात फोमवाले, पाइपवाले, कापडवाले, चाकवाले, लॉरीवाले. कोणी माल भरल्याचा फोटो टाकला की हा अंगठा दाखवतो, काम फत्ते. कारखान्याचं पेजही त्याच्याच हातात. गिऱ्हाइकं तिथे ‘आमच्या खुर्च्या कुठे’ म्हणून ओरडतात, हा त्यांना गोड बोलून थोपवतो.

पण ग्रुप म्हटला की फुलं आली, विनोद आले, वाढदिवस आले. म्हणून याने न वाचताच अंगठा द्यायची सवय लावून घेतली. फुलाला अंगठा, विनोदाला अंगठा. एकदा लॉरी बंद पडल्याचं कळवलं तर त्यालाही अंगठा. ड्रायव्हर म्हणे, “साहेबांना आनंद झालेला दिसतोय!” आम्ही पोट धरधरून हसलो होतो.

मग एका कॉलेजच्या खुर्च्या रखडल्या. पेजवर बोंबाबोंब सुरू झाली. स्टोअरमध्ये खुर्च्यांना लावायची चाकं नव्हती, एवढंच याने पाहिलं. फोन करायचे कष्ट घेतले नाहीत. सरळ पेजवर लिहिलं, की चाकं पुरवणाऱ्यांच्या हलगर्जीपणामुळे उशीर होतोय, आम्ही पुरवठादार बदलतोय. वर त्यांच्या वर्कशॉपचं नावही जोडलं. मालकांनी पाठ थोपटली. लोकांनी ते इकडून तिकडे धाडलं, आणि आमचे बंधुराज खूश.

ते वर्कशॉप चाकवाल्या काकूंचं. नवरा गेल्यावर त्यांनी आणि त्यांच्या जावेने पत्र्याच्या शेडमध्ये ते सुरू ठेवलं होतं. खुर्च्यांच्या बऱ्याच कारखान्यांना त्यांचीच चाकं जायची.

दुसऱ्या दिवशी वॉचमनने विचारलं, “साहेब, माझ्या शेडमधली पोती आत कधी नेणार? मला पाय पसरायला जागा नाही.”

भावाने ग्रुप उघडला. एक गुलाब आणि एक केक यांच्या मधे काकूंचा निरोप होता: स्टोअर बंद होतं, चाकांची पोती गेटवर वॉचमनच्या शेडमध्ये उतरवली आहेत, कृपया आत घ्यावीत. त्याखाली याचाच अंगठा.

त्याने पेजवरचा मजकूर गुपचूप काढला. फक्त काकूंना ‘क्षमस्व’ लिहून हात जोडल्याचं चित्र पाठवलं आणि हात झटकले. त्यांचं उत्तर आलं नाही. हा आपला ‘जाऊ दे’ म्हणत राहिला. मला हे तेव्हा कळलं असतं तर कान पिळला असता, वय गेलं खड्ड्यात.

पुढे फोमवाल्याकडून त्याला कळलं, की काकूंना कोणी काम देत नाही. तेव्हा कुठे तो उठून त्यांच्या दारात गेला. यंत्रावर चादर घातलेली होती. जाऊबाई दुसरीकडे शिवणकामाला जायला लागल्या होत्या. काकूंनी पाणी दिलं, बसायला स्टूल दिलं.

“काकू, मी माफी मागितली होती हो.”

“मागितलीत ना. पण भाऊ, चारचौघांत थोबाडीत मारायची आणि माफी जिन्याखाली मागायची, हे कुठलं वागणं?”

पाणी तसंच ठेवून तो निघाला.

मालक म्हणाले, पेजवर माफी अजिबात नको, कारखान्याचं नाव खराब होईल. याने ऐकलं नाही. स्वतःच्या अंगठ्यासकट काकूंचा तो निरोप पेजवर लावला आणि खाली लिहिलं, चूक माझी. मालकांनी ते तासाभरात काढलं आणि पेज त्याच्याकडून काढून घेतलं. तेवढ्यात पाहिलं असेल मोजक्याच लोकांनी. खोटं मात्र केव्हाच गावभर झालं होतं.

मग बिनतारी पायी निघाला. सुट्टीच्या दिवशी एकेका कारखान्यात जायचं आणि खरेदीवाल्याला खरं काय ते सांगायचं. काल पहिल्याच ठिकाणाहून आला तो बूट न काढता माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसला.

“ताई, मी काकूंच्या चाकांचा विषय काढला, तर तो माणूस मलाच समजावायला लागला. फार भला माणूस गं. मला बाजूला घेऊन म्हणाला, त्यांच्या नादी लागू नका, वेळेवर माल देत नाहीत. मागे कुठेतरी वाचलंय मी.”

“मग?”

“मग सांगितलं, ते मीच लिहिलं होतं. चाकं आमच्या गेटवरच होती.”

“काय म्हणाला?”

भावाने आता कुठे बुटाची नाडी सोडायला घेतली. लाजेने त्याचे कान लाल झाले होते.

“खुर्चीत बसला. म्हणाला, अहो, त्या बाई गेल्या आठवड्यात इथेच आल्या होत्या, नमुन्याची चाकं घेऊन. मी त्यांना आतसुद्धा येऊ दिलं नाही.”